बुडीआधी बडी

दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत बेंगळुरूजवळच्या येलहंक्याच्या हवाई दलाच्या तळावर ‘एअरो इंडिया’ हे विमानांचं प्रदर्शन भरतं आणि तेवढे दिवस अख्ख्या गावाच्या माना वर असतात. गच्चीवर, उड्डाणपुलाच्या कडेला, तलावाच्या बांधावर, जिथून आभाळ दिसेल तिथे माणसं उभी. पहिलं प्रदर्शन १९९६मध्ये भरलं. पण याच येलहंक्यात, याच रस्त्यांवर, ऑक्टोबर उजाडला की शुक्रवारच्या संध्याकाळी वेगळ्याच तयारीची माणसं दिसू लागतात. पाठीवरच्या पिशवीतून लांबट फिन्सची टोकं बाहेर आलेली, हातात मुखवट्याची डबी, आणि तोंडी एकच चौकशी : रात्रीची बस किती वाजता?

समुद्र इथून लांब आहे. कुठलाही किनारा गाठायचा तर तीनशेहून अधिक किलोमीटर जायचं, आणि तेही डोंगर उतरून, कारण बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच बसलंय. तरीही देशातल्या स्कूबा डायव्हरांमध्ये बेंगळुरूकरांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी आहे. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाच्या बोटीवर विचारा, अंदमानच्या धक्क्यावर विचारा, कुठून आलात तर ‘बँगलोर’ हे उत्तर हमखास कानी पडतं. आधी शहरातल्या एखाद्या पोहण्याच्या तलावात पाण्याखाली श्वास घ्यायला शिकायचं, मग पुस्तकी परीक्षा, आणि शेवटी समुद्रातल्या चार डुबक्या. एवढं झालं की अठरा मीटर खोल जाण्याचं कार्ड हाती येतं. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. कार्डावर नाव एकाचंच असतं, आणि समुद्रात उतरायला दोघं लागतात.

या दुसऱ्या माणसाला जगभर ‘बडी’ म्हणतात. मराठीत पाण्यात शिरण्याला आपण ‘बुडी मारणं’ म्हणतो. बुडी आणि बडी यांत एका उकाराचा फरक. हा निव्वळ योगायोग आहे, पण मराठी माणसाला नियम लक्षात ठेवायला सोयीचा आहे. बहुतेक नवे डायव्हर आधी पाणी ठरवतात : मालवण की नेत्राणी, अंदमान की मालदीव, उबदार की गार. सोबतीला कोण, हा प्रश्न बोटीवर चढल्यावर सुटेल असं धरून चालतात. हा क्रम उलटा हवा, हेच या लेखाचं म्हणणं आहे.

येलहंक्याचं आणि मराठी समुद्राचं नातं आजचं नाही. बेंगळुरू वसवणारे केंपेगौडा हे येलहंका नाडाचे प्रभू. त्यांच्या वंशजाकडून १६३८मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आलं. शहाजीराजांचे पुत्र शिवाजी महाराज यांनी १६६४च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि पुढच्याच वर्षी, १६६५च्या फेब्रुवारीत, मालवणहून आरमार घेऊन ते दक्षिणेला बसरूरपर्यंत गेले. परतताना गोकर्णाला थांबले. नकाशा काढून बघावा. मालवण एका टोकाला, कुंदापूरजवळचं बसरूर दुसऱ्या टोकाला, मध्ये गोकर्ण आणि मुरुडेश्वर. आज बेंगळुरूचा मराठी डायव्हर शनिवार-रविवारी ज्या पाण्यात उतरतो ते बहुतांशी हेच पाणी. महाराजांच्या जहाजांनी ते वरून कापलं. त्याच्या तळाशी काय आहे हे बघण्याची सोय मात्र १९४३मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी श्वासाचं यंत्र तयार केल्यावर झाली.

मुरुडेश्वर बेंगळुरूपासून सुमारे पाचशे किलोमीटर. रात्रभराचा प्रवास, पहाटे शंकराची ती प्रचंड मूर्ती, तिच्यामागे समुद्र. नेत्राणी बेट तिथून दहा सागरी मैलांवर, बोटीने दीड-दोन तासांचं अंतर. कबुतरांमुळे त्याला ‘पिजन आयलंड’ असंही नाव पडलं, आणि वरून पाहिलं तर त्याचा आकार बदामासारखा दिसतो. मनुष्यवस्ती नाही. कड्यांवर समुद्रगरुड घरटी करतात, गुहांत पाकोळ्या राहतात. एके काळी नौदल या बेटावर तोफांच्या माऱ्याचा सराव करत असे. पाण्याखाली मोठाले खडक, त्यांच्या कपारींत गोब्रे, वर पोपटमाशांचे आणि तांबोश्यांचे थवे. नशीब असेल तर बॅराकुडाची रांग, आणि फारच थोर नशीब असेल तर देवमुशी. पाणी २६ ते २९ अंशांच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत ते चांगलं निवळलेलं असतं. जूनमध्ये पावसाळा लागला की बोटी बंद होतात आणि थेट सप्टेंबर सरताना उघडतात. बोटीवरची भाषा कन्नड आणि कोकणी. खारवी, मोगेर, हरिकंत्र ही इथली दर्यावर्दी मंडळी. त्यांतल्या कित्येकांच्या घरांत या बेटाला देवस्थानासारखा मान आहे.

या बोटीवर सकाळी काय घडतं ते बघण्यासारखं आहे. बारा-पंधरा जण असतात. काही जोड्या घरूनच आलेल्या : नवरा-बायको, एका कचेरीतले दोन मित्र, भाऊ-बहीण. उरलेले एकेकटे. प्रशिक्षक यादी घेऊन बसतो आणि उरलेल्यांच्या जोड्या लावतो. ‘तुम्ही आणि तुम्ही.’ नावं विचारेपर्यंत इंजिन बंद होतं, नांगर पडतो. ज्याचं पूर्ण नावही ठाऊक नाही, अशा माणसाच्या भरवशावर पंधरा मिनिटांनी वीस मीटर खोल जायचं. आयुष्यात कुठल्याही अनोळखी माणसावर इतका भरवसा इतक्या घाईत क्वचितच टाकला जात असेल.

बडीचं काम काय, हे हिशेबाने बघितलं की कळतं. दहा मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. वर मिनिटाला वीस लिटर हवा घेणारा माणूस वीस मीटरवर सिलिंडरमधून साठ लिटर ओढतो. आपल्याकडे बहुधा अकरा लिटरचं अॅल्युमिनियमचं सिलिंडर मिळतं, २०० बारपर्यंत भरलेलं. म्हणजे २,२०० लिटर हवा. त्यांतली ५० बार राखून ठेवायची, कारण तेवढी असेल तरच सावकाश वर येता येतं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबता येतं आणि वर आल्यावर लाटेत श्वासाला काही उरतं. उरली १,६५० लिटर. साठने भागा : सत्तावीस मिनिटं. शेजारचा माणूस शांत श्वासाचा असेल, वर पंधरा लिटरवर भागवणारा, तर त्याला तेवढ्याच खोलीवर छत्तीस मिनिटं मिळतात. पण वर दोघांनी एकदमच यायचं असतं. त्यामुळे डुबकी सत्तावीस मिनिटांचीच. नऊ मिनिटांसाठी जोडीदाराला एकटं वर पाठवणारा माणूस बडी नव्हे, त्याने कार्डावर काहीही लिहून आणलेलं असो.

हाच हिशेब घाबरल्यावर बिघडतो. मुखवट्यात पाणी शिरलं, प्रवाहाने ओढलं, फिन जाळ्यात अडकली की श्वासाची गती दुप्पट होते आणि हवेचा काटा बघता बघता खाली येतो. अशा वेळी एक हात आपल्या गळ्यावरून आडवा फिरतो : हवा संपली. समोरच्याने आपला दुसरा रेग्युलेटर, ज्याला डायव्हर ‘ऑक्टोपस’ म्हणतात, तो पुढे करायचा. जोडीदार दोन-तीन हातांवर असेल तरच हे जमतं. दहा मीटरवर फोटो काढण्यात गुंगलेला असेल तर तो असून नसल्यासारखा.

म्हणून जाणते डायव्हर जोडीदाराची परीक्षा जमिनीवर घेतात. शेवटची बुडी कधी मारलीस? किती डुबक्यांची नोंद आहे? गेल्या वेळी किती बारवर वर आलास? कॅमेरा नेणार आहेस का? सर्दी आहे का, कान फुटल्यासारखे होतात का, दमा आहे का, रात्रभर बसमध्ये झोप लागली का? हे विचारताना संकोच करू नये. मराठी माणूस तब्येतीच्या चौकशीला एरवी मागे हटत नाही, इथे तर तिचा थेट उपयोग आहे. खोलीची मर्यादा ठरवताना दोघांपैकी ज्याचं प्रशिक्षण कमी त्याची मर्यादा धरायची. चुकामूक झाली तर एक मिनिट शोधायचं, न सापडल्यास सावकाश वर यायचं आणि वर भेटायचं, हे आधीच बोलून घ्यायचं. उडी मारण्याआधी एकमेकांचं जॅकेट फुगवून पाहायचं, वजनाचा पट्टा, बकलं, हवेचा काटा, रेग्युलेटर तपासायचे. या तपासणीला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि गर्दीच्या बोटीवर सर्वांत आधी गाळली जाते ती हीच.

आणि एक नियम, जो कार्ड देणाऱ्या साऱ्या संस्था शिकवतात पण नवशिक्याला उच्चारायला जड जातो : कुणीही, कधीही, अगदी बोटीच्या काठावर बसल्यावरसुद्धा, ‘आज नको’ म्हणू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नसतं. पाचशे किलोमीटर प्रवास आणि काही हजार रुपये खर्च केल्यावर हे शब्द तोंडातून निघणं कठीण. ते ऐकून तोंड वाकडं न करणारा माणूस मिळाला, तर त्याचा फोन नंबर जपून ठेवावा.

असा माणूस मिळवायचा कुठे? बेंगळुरूत याचं उत्तर बहुतेकदा तलावातच सापडतं. एकाच तुकडीत शिकलेल्यांनी एकमेकांची धांदल पाहिलेली असते. कोण मुखवट्यातलं पाणी काढताना गडबडतो, कोण शांत राहतो, हे त्यांना ठाऊक असतं. शिक्षण संपल्यावर ही तुकडी विखुरते आणि तिथेच नुकसान होतं. तीच चार माणसं वर्षातून दोनदा तलावात भेटली, हवा वाटून घेण्याचा सराव करत राहिली, तर त्यांना बोटीवर अनोळखी हात धरावा लागत नाही. एकट्याने उतरण्याचं शिक्षणही असतं, नाही असं नाही. पण त्यासाठी शंभर डुबक्यांची नोंद मागतात, आणि जादा हवेचं दुसरं साधन सोबत न्यावं लागतं. वर्षाला एक सुट्टी काढणाऱ्याने तो विचार बाजूला ठेवलेला बरा.

येलहंक्याच्या मराठी डायव्हरला नेत्राणीखेरीज आणखी एक दार उघडं आहे, ते मालवणचं. अंतर थोडं जास्त, पण उतरल्यावर बोटीवर सूचना मालवणीत ऐकू येतात. ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. कान मोकळे कसे करायचे, नाक दाबून हळूच फुंकायचं, दुखलं तर थोडं वर यायचं, हे घाबरलेल्या माणसाला आईच्या भाषेत सांगितलं की डोक्यात शिरतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७मध्ये जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्गाच्या तटाबाहेर सहा-आठ मीटरवर प्रवाळ आहे. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. ती उभी करण्यात सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा मोठा वाटा. मासेमारी करणाऱ्या घरांतले तरुण इथे गाईड झाले. ज्या खडकाच्या आसपास वडील जाळं टाकायचे, तोच खडक मुलगा आता पाहुण्यांना दाखवतो. नौदलातून २०२४च्या जानेवारीत निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका पुढच्या वर्षी महामंडळाकडे आली, ती निवतीच्या बाजूला तळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याच्या योजनेसाठी. बुडालेल्या जहाजाच्या आसपास वावरायचं तर खोली, अंधार आणि अरुंद वाटा यांची तयारी लागते. तिथे कालपरवा बोटीवर भेटलेला बडी चालत नाही.

मालवणच्या पर्यटकांच्या डुबक्यांविषयी एक स्पष्ट सांगितलं पाहिजे. प्रशिक्षकाने पाठीमागून धरून, पाच-सात मीटरवर दहा मिनिटं फिरवून आणणं, हा अनुभव सुंदर असतो, पण त्याने माणूस डायव्हर होत नाही. शिवाय पाण्याखाली जे होतं त्याहून पाण्यावर होणारं वाईट असू शकतं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. बोटीवर चढताना लाइफजॅकेट अंगावर आहे का, माणसं जास्त तर नाहीत ना, मोसम उलटत आला आहे का, हे एकमेकांना विचारणं हेही बडीचंच काम.

आता गार पाण्याविषयी. दख्खनी माणसाची समजूत अशी की आपला समुद्र उबदार, थंडी वाजण्याचा प्रश्न नाही. पण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. २७ अंशांच्या हवेत घाम येतो. २७ अंशांच्या पाण्यात दुसऱ्या डुबकीच्या अखेरीस सडपातळ माणसाचे दात वाजतात. शिवाय खोलवर कधी कधी गार पाण्याचा वेगळा थर असतो. हात खाली केला तर बोटांना जाणवतो, जणू फ्रीजचं दार उघडलं. थंडी वाजली की श्वास वाढतो, हवा लवकर संपते, डोकं मंद चालतं. म्हणून तीन मिलिमीटरचा का होईना, अंगाला घट्ट बसणारा वेटसूट घालावा. भाड्याचा ढगळ सूट आत पाणी खेळवतो आणि काहीच कामाचा नसतो.

खरं गार पाणी म्हणजे काय ते कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला गेलेल्या बेंगळुरूकराला कळतं. तिथे लेस्टरशरमधल्या ‘स्टोनी कोव्ह’सारख्या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत लोक भर हिवाळ्यातही शिकतात. दहा अंशांच्या खाली रेग्युलेटरमध्ये बर्फ धरून हवा सुसाट सुटण्याचा धोका, म्हणून यंत्रही वेगळं. अंगावर ड्रायसूट, आत लोकरीसारखे कपडे. बऱ्याच ड्रायसूटची चेन पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ती स्वतःला लावता येत नाही. दुसऱ्याने ओढून लावावी लागते, आणि नीट लागली नाही तर बर्फासारखं पाणी आत. म्हणजे गार पाण्यात बडी बोटीवर चढण्याच्याही आधी लागतो. ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब १९५३मध्ये स्थापन झाला, आणि त्याच्या शाखांमधून तीच माणसं आठवड्यामागून आठवडे एकमेकांबरोबर उतरतात. उबदार पाण्याच्या सुट्टीत ओळखी होतात आणि विसरल्या जातात. गार पाण्याने तिथे संघ जुळवले. आइसलँडच्या थिंगवेटलिर राष्ट्रीय उद्यानातल्या सिल्फ्रा या भेगेत, उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्टांच्या मधोमध, पाणी दोन ते चार अंश आणि दृष्टी शंभर मीटरपर्यंत पोचते. तिथे डाइव्ह करायची तर ड्रायसूटचं शिक्षण किंवा त्या सूटमधल्या डुबक्यांची नोंद दाखवावी लागते. बेंगळुरूहून थेट तिकीट काढून जाण्याची ही जागा नव्हे. आधी नेत्राणीत पंचवीस-तीस डुबक्या, मग कुठे तरी तलावात ड्रायसूटचा सराव, मग सिल्फ्रा. आणि शक्यतो हे सगळं एकाच जोडीदाराबरोबर.

पण बेंगळुरूच्या डायव्हरसमोर उबदार की गार यापेक्षा मोठा एक प्रश्न आहे, आणि त्याच्याकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. तो प्रश्न उंचीचा.

दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. दाब फार लवकर कमी झाला तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, अंग बधिर होतं, क्वचित लकवा येतो. हे बुडबुडे नायट्रोजनचे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८मध्ये मांडलं, आणि टप्प्याटप्प्याने वर यायची कोष्टकं १९०८मध्ये जे. एस. हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून दिली. विमानात दाब कमी असतो, म्हणून डुबकीनंतर लगेच उडायचं नाही, हे प्रत्येक डायव्हर शिकतो. डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘डॅन’ या संस्थेची शिफारस अशी : एकच साधी डुबकी असेल तर किमान बारा तास, अनेक डुबक्या असतील तर किमान अठरा तास थांबावं.

ही शिफारस विमानाच्या आतल्या ज्या दाबासाठी आहे, तो समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीपासून सुरू होतो. बेंगळुरू नऊशेवर आहे. म्हणजे मुरुडेश्वरहून घाट चढून येलहंक्याला परतणारी बस ही शरीराच्या दृष्टीने एक संथ विमानच आहे. रेल्वेने सुब्रह्मण्यहून सकलेशपूरचा घाट चढला तरी तेच. मुरुडेश्वरची बस संध्याकाळी निघते आणि चार-पाच तासांत डोंगरावर असते. रविवारी सकाळी अकराला दुसरी डुबकी संपवून सातच्या बसमध्ये बसणारा माणूस आठ तासांनीच चढाच्या वाटेला लागतो. घरी येऊन खांदा दुखला तर तो पिशवीच्या पट्ट्याला दोष देतो.

योग असा की या विषयाचा अभ्यास करणारी मोठी संस्था याच शहरात आहे. हवाई दलाची ‘इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन’ १९५७पासून बेंगळुरूत आहे. उंचीवर वैमानिकाच्या रक्तात होणारे बुडबुडे आणि समुद्रातून वर येणाऱ्याच्या रक्तातले बुडबुडे एकाच जातीचे. येलहंक्याच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या वैमानिकांना पाण्याखाली गेल्यानंतर किती तास थांबायचं याचा नियम असतो. त्याच धावपट्टीच्या बाजूला राहणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्या डायव्हरने तो स्वतःला लावून घ्यायला हरकत नाही. त्रास झालाच तर लागणारे दाबकक्ष मुख्यतः नौदलाच्या रुग्णालयांत आहेत, जसं मुंबईचं ‘अश्विनी’. ते घाटमाथ्यावरून जवळ नाहीत.

इथे बडी परत कामाला येतो. एकट्याला सोमवारची बैठक दिसते. दोघं असले की एक जण घड्याळ काढून तास मोजतो. दोघांनाही घाई असेल तर मात्र उपयोग नाही, म्हणून जोडीदार निवडताना पोहण्यातल्या चपळाईपेक्षा थांबण्याची तयारी बघावी.

येत्या मोसमात येलहंक्याहून मुरुडेश्वरला वा मालवणला निघणाऱ्यांनी आपला बेत असा आखून पाहावा. शुक्रवारी रात्री निघा, दोघं मिळूनच. शनिवारी दोन डुबक्या मारा आणि दुपारी दोनपर्यंत शेवटची संपवा. रविवारची सकाळ पाण्याबाहेर काढा. किनाऱ्यावर फिरा, बांगड्याचं जेवण घ्या, नोंदवहीत कालचे आकडे लिहा आणि एकमेकांची सही घ्या. अठरा तास रविवारी सकाळी आठला पुरे होतात. त्यानंतर कोणतीही बस पकडा.